चूक तेवढीच लिहा

"पत्ता सांग," सर म्हणाले.

मी उभी राहिले. जळगाव, डिप्लोमाचं पहिलं वर्ष, दुपारचा तास. पंखा होता, फिरत नव्हता. फळ्यावर सरांनी घरं काढली होती, उतरत्या छपराची, चिमणी असलेली. जळगावात चिमणी कोणाच्या घराला असते? पण घर काढायचं म्हटलं की अशीच काढायची, हे सरांच्या हाताला माहीत होतं.

सर सी शिकवायचे, कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा. पॉइंटरचा धडा आला की दर वर्षी हे घरांचं उदाहरण. वरच्या वर्गातली मुलं आधीच सांगून ठेवायची, "पॉइंटरचा तास बुडवू नका रे, जाम हसवतात." पॉइंटर म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे घर नव्हे. चिठ्ठीपुढे स्टार लावला की त्या पत्त्यावर जायचं, दार उघडायचं, आत काय आहे ते बघायचं. आत जे असेल ती व्हॅल्यू. आधीच सांगते, सरांना शिकवता येत होतं. त्यांचं उदाहरण चुकीचं नव्हतं. मला त्याच गोष्टीचा जास्त त्रास होतो.

माझ्याआधी त्यांनी एका मुलाला उठवलं होतं.

"रिंग रोड, सर. पप्पांच्या हॉस्पिटलच्या वर."

"वा! डॉक्टरसाहेबांचं घर. इथे आपण ब्रॅकेट टाकायचा." फळ्यावर लिहिलं, (*p)++. p ही चिठ्ठी, प्लस प्लस म्हणजे एकाने पुढे. "ब्रॅकेट म्हणजे काय, आधी घरात शिरा. बसा. चहा घ्या. मग आत जे आहे ते एकाने वाढवा. फ्रीजमध्ये श्रीखंडाचा एक डबा असेल तर दोन करून या. चिठ्ठीवरचा पत्ता बदलला का?"

"नाही सर!" वर्ग ओरडला.

"बदललं काय?"

"व्हॅल्यू!"

"शाब्बास. आता ब्रॅकेट काढू." खडू माझ्याकडे वळला. "हं, ती शेवटच्या बाकावरची. पत्ता सांग."

मी सांगितला. पिंप्राळ्याच्या पुढे, पाण्याच्या टाकीमागे. आणि वस्तीचं नाव. ते नाव इथे लिहीत नाही. आमच्या गावात ते नाव घेतलं की जात वेगळी विचारावी लागत नाही.

सर हसले, पण माझ्याकडे बघून नाही, वर्गाकडे बघून. फळ्यावर लिहिलं, *p++.

"हा पत्ता. स्टार लावला, डोकावलं. आत काय?"

सरांनी खडूने फळ्यावर दोनदा टकटक केलं.

"काय असणार! स्कॉलरशिपचा फॉर्म!"

हसणं आधी पुढच्या बाकांवर फुटलं आणि मग मागे आलं.

"मग इथे थांबायचं का? नाही. बसायचं नाही, काही ठेवायचं नाही, काही वाढवायचं नाही." सरांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला, मान पुढे करून डोकावल्यासारखं केलं. "डोकावलं, की प्लस प्लस. पुढचं घर!"

वर्ग बाकं बडवत होता. मी उभीच होते. बस म्हणायचं सर विसरले होते. मग त्यांचं लक्ष गेलं.

"बस, बस. कळलं ना? आता जन्मात विसरणार नाहीस."

नाही विसरले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझं नाव 'पुढचं घर' झालं होतं. आठवड्याभरात ते लांब वाटायला लागलं, म्हणून 'प्लस प्लस' झालं. मी ज्या बाकावर बसेन त्यावरून मुलं उठायची आणि पुढच्या बाकावर जायची. "प्लस प्लस!" आणि हसायची. यात दुष्टपणा फार नव्हता. त्यांना खरंच मजा येत होती. मला याचा राग यायलाही वेळ लागला.

माझ्या शेजारी रूपाली बसायची. रावेरकडची, केळीवाल्यांची, होस्टेलला राहायची. चांगली होती. डब्यातलं द्यायची. ती म्हणाली, "अगं, सर सगळ्यांचीच मजा करतात. मला नाही का केळीवाली म्हणत?"

"तू हसतेस."

"मग काय रडू?"

तिला कसं सांगायचं? केळीवाली म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर वडिलांचा बाग यायचा. माझा पत्ता घेतला की समोर रुमाल यायचा.

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडिलांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मोर्चे-सभांना जायचे आणि येताना उरलेली पत्रकं घेऊन यायचे. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची. मी वाचायला त्यावर शिकले. कोऱ्या बाजूवर बेरीज-वजाबाकी केली. छापलेल्या बाजूला लिहिलेलं असायचं, अपमान झाला तर जागच्या जागी जाब विचारा. पाठ होतं मला. पण ज्यांना जाब विचारायचा ते सगळे बाकं बडवत असतील तर काय करायचं, हे कोणत्याच पत्रकात नव्हतं.  मी घरी येऊन आबांना काही सांगितलं नाही. आबा कॉलेजवर आले असते, चार माणसं घेऊन आले असते, आणि मग माझं नाव 'मोर्चा' पडलं असतं.

पुढच्या तासाला सरांनी उजळणी घेतली. फळ्यावर पुन्हा *p++. रूपालीला विचारलं, काय होतं? ती म्हणाली, "सर, व्हॅल्यू एकाने वाढते."

"नाही गं. प्रिसिडन्स बघ, चिन्हांचा अग्रक्रम. प्लस प्लस कोणाला चिकटलंय?" सर शांतपणे म्हणाले. तिने जीभ चावली आणि खाली बसली.

मग मला. माझं लक्षच नव्हतं, ती ओळ दिसली की कानात बाकं वाजायची. मीही तेच म्हणाले, व्हॅल्यू वाढते.

"वाढते?" सर म्हणाले. "तुमच्याकडे? कशी काय बुवा वाढेल?"

पुन्हा बाकं.

उत्तर एकच. चूकही एकच. रूपालीची चूक सी मधली होती. माझी चूक टाकीमागच्या वस्तीची होती. तिला प्रिसिडन्स बघ म्हणाले. मला काहीच बघ म्हणाले नाहीत, कारण बघण्यासारखं त्यांना जे दिसलं होतं ते फळ्यावर नव्हतं.

त्यानंतर मी स्टार लावणं सोडलं. जिथे पॉइंटरने चालायचं तिथे मी साधा अॅरे, म्हणजे नंबर घातलेल्या खणांची ओळ घ्यायची, a[i] लिहायची, i वाढवायची. प्रोग्राम चालायचे. मार्क मिळायचे. आख्ख्या डिप्लोमात मी त्या एका चिन्हाला वळसा घालून गेले, जसं माणूस चौकातल्या ठरावीक दुकानासमोरून जायचं टाळतो. दमायला होतं अशाने. सरळ रस्ता समोर दिसत असतो आणि आपण मागच्या गल्लीतून चालत असतो.

पॉइंटर मला कळला तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी, नळावर.

आमच्या गल्लीत एक नळ. पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळपासून हंडे रांगेत लागतात. माणसं कामाला जातात, हंडे उभे राहतात. हंडा ठेवला की ती जागा त्या घराची. कितीही भांडणं असोत, कोणी दुसऱ्याचा हंडा मागे सरकवत नाही. नळाला लांब नळी लावलेली असते आणि एक जण ती नळी हंड्या-हंड्यातून पुढे नेत जातो. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं. माझं डोकं परीक्षेत होतं. एक हंडा अर्धाच असताना मी नळी उचलली, पुढच्या हंड्याकडे नेली, आणि मधल्या मधे पाणी जमिनीवर.

आई ओरडली, "अजून भरना नही तो हंडा! पुढे कसाले लई चालनी? बठ्ठं पानी वाया गयं!"

शेजारची अक्का म्हणाली, "कालेजमा जास ना ती. पानीमा ध्यान नही तिन्हं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. या हसण्यात रुमाल नव्हता.

नळी परत अर्ध्या हंड्यात घातली आणि तशीच बघत उभी राहिले. नळी म्हणजे p. कोणत्या हंड्यात आहे, एवढंच नळीला माहीत. हंड्यातलं पाणी म्हणजे स्टार p. नळी या हंड्यातून पुढच्या हंड्यात गेली, तर p वाढला. पाणी कोणत्याच हंड्यात आपोआप वाढलं नाही. नळी न हलवता याच हंड्यात अजून एक तांब्या ओतला, तर वाढलं ते पाणी. तो ब्रॅकेट. आणि मी आत्ता जे केलं, आधी नळी पुढे आणि मग पाणी, ते *++p. त्यालाही सी मध्ये जागा आहे. फक्त तेव्हा ते नको होतं.

यात कोणाच्या घरात डोकावायचं नव्हतं. कोणाला पत्ता विचारायचा नव्हता. कोणाचा हंडा कोणता, हे न सांगताही सगळं कळत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट राग आला. म्हणजे उदाहरणं दुसरीही होती.

डिप्लोमा झाला, डिग्री झाली. धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका म्हणजे तास दिले तर तुम्ही मास्तर, नाही दिले तर नाही. दर सत्राला नवा अर्ज, नवी नेमणूक. मी सी शिकवायचे. पॉइंटरला फळ्यावर हंडे काढायचे. धुळ्यातल्या मुलांना पाण्याची रांग समजावून सांगावी लागत नाही.

तिथे माझ्या वर्गात अनिता होती. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरची. घरी पावरी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी कॉलेजात आल्यावर. तोंडी परीक्षेला घाबरायची. प्रोग्राम करायची, पण कोणी समोर बसून विचारलं की खाली बघायची.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. त्या वर्षी सर आले.

केस पांढरे झाले होते. खडू धरायची बोटं तीच. प्राचार्यांनी ओळख करून दिली, "सर म्हणजे आपल्या खानदेशातले सी चे बाप आहेत." आतली परीक्षक मी, त्यामुळे एकाच टेबलाला शेजारी शेजारी बसलो.

"मॅडम कुठल्या?"

"जळगाव."

"अरे वा. शिकलात कुठे?"

मी कॉलेज सांगितलं.

"म्हणजे माझ्या हातून गेलेल्या की काय!" सर खूश झाले. माझ्याकडे नीट पाहिलं. आठवलं काहीच नाही. त्यांनी आपल्यापुढची बिस्किटं माझ्याकडे सरकवली. ज्या माणसाला मी इतकी वर्षं वाहून नेलं, त्याला माझं वजनही ठाऊक नव्हतं. मी बिस्किट घेतलं नाही, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी अनिताची पाळी आली. मागे खुर्च्यांवर पुढची मुलं थांबलेली. सरांनी कागदावर लिहिलं, *p++, आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"काय होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, व्हॅल्यू एकाने वाढते."

मी शिकवलं होतं तिला. येत होतं. घाबरून गेलं.

सर खुर्चीत मागे रेलले. "कुठली तू? पत्ता सांग बघू."

त्यांचा हात खिशाकडे गेला. मला तो हात ओळखीचा होता.

"सर, शिरपूरच्या पुढे..." अनिताने तोंड उघडलं.

"सर, पत्ता नको," मी म्हणाले.

"अहो मॅडम, उदाहरण देतोय. पत्त्यावरून पटकन कळतं."

"तिचं उत्तर चूक आहे. चूक तेवढीच लिहा."

"म्हणजे?"

"मार्क कापा. पत्ता विचारू नका."

 सर हसले. तेच हसणं, फक्त आता बघायला वर्ग नव्हता, म्हणून त्यांनी मागच्या मुलांकडे पाहिलं. मुलं हसली नाहीत. माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही फार मनाला लावून घेता," सर हळू आवाजात म्हणाले. "तुम्हीपण तिकडच्याच का?"

"हो सर. पिंप्राळ्याच्या पुढे, पाण्याच्या टाकीमागे. तुम्ही रुमाल नाकाला लावला होता."

"मी?" ते खरोखर गोंधळले. "काहीतरी गैरसमज आहे तुमचा. मी मुलांना हसत-खेळत शिकवतो. कोणालाही विचारा."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलत असते तर मला सोपं गेलं असतं.

 या वेळी मी जागच्या जागी जाब विचारला होता. एवढाच फरक पडला होता इतक्या वर्षांत.

सरांनी अनिताला पुढचा प्रश्न विचारला नाही. आकडा लिहिला, कागद उलटा केला. "नेक्स्ट."

संध्याकाळी अनिता जिन्याखाली थांबली होती. मला वाटलं, काही बोलेल. बोलली.

"मॅडम, तुम्ही कशाला बोलले? सर अजून विचारणार होते. मला दुसरं येत होतं ना."

ती म्हणाली ते खरं होतं. माझ्या बोलण्याने तिचे मार्क वाढले नाहीत, गेले असतील. पत्ता विचारला असता तर काय झालं असतं, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण तिच्यावर अजून ते घडलेलं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी आभार मानत नाही. मानू पण नयेत.

"त्या ओळीत काय होतं, सांग," मी म्हणाले.

"नळी पुढे जाते," ती लगेच म्हणाली. "पाणी वाढत नाही."

"मग मघाशी?"

"तेव्हा नाही आलं." तिने पिशवी खाली ठेवली. "पण मॅडम, प्रिसिडन्समध्ये प्लस प्लस आधी आहे ना? मग नळी आधी पुढे जाऊन पुढच्या हंड्यात पाणी का नाही पडत?"

हा प्रश्न मला कधी कोणी विचारू दिला नव्हता. मी जिन्यावर बसले. तीही बसली.

"प्रिसिडन्स म्हणजे कोण आधी धावतं, ते नाही. कोण कोणाला चिकटतं, ते. प्लस प्लस नळीला चिकटलं, म्हणून पुढे जाणार ती नळी. पाण्याला ते हात लावत नाही. आणि ते p च्या नंतर लिहिलंय, म्हणून स्टारच्या हातात येतो जुना हंडा. p च्या आधी लिहिलं असतं, तर नवा."

"आणि पाण्याला चिकटवायचं असेल तर?"

"ब्रॅकेट. ब्रॅकेट तुला टाकावा लागतो. नाही टाकलास तर सी त्याच्या नियमाने चालणार. तुझ्या मनात काय होतं, ते त्याला कळत नाही."

"हं," ती म्हणाली. मग एसटी चुकेल म्हणून पळाली.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. वाईट माणूस नाही. पाणी विचारलं, बसा म्हणाले.

"मॅडम, बाहेरचे परीक्षक म्हणजे पाहुणे. दोन ओळी लिहून द्या, दिलगीर आहे म्हणून. पुढच्या सत्राचे तास ठरवायचेत मला."

"कशाबद्दल दिलगीर, सर?"

"तुमचा स्वर चढला म्हणून."

"स्वर चढला नव्हता. दमलेला होता."

"शब्दात पकडू नका हो. दोन ओळींचा प्रश्न आहे."

कागद टेबलावर होता. पेन त्यावर. मी पुढच्या परीक्षेचं टेबल डोळ्यांसमोर आणलं. दोन ओळी सोप्या होत्या. त्या लिहिल्या असत्या तर पुढच्या वर्षी तेच सर, तोच रुमाल, आणि शेजारच्या खुर्चीत मी, बिस्किटांची ताटली मध्ये.

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

पुढच्या सत्राला मला तास मिळाले नाहीत. कारण कोणी सांगितलं नाही. तासिकेला कारण लागत नाही. आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "पत्रक काढू." मी म्हणाले, "आबा, आधी झोपू द्या." दोन दिवस झोपले.

आता चाळीसगावला शिकवते. तिथेही तासिकेवरच. पहाटे उठून गाडी पकडते, परत येते तेव्हा पाय सुजलेले असतात. लढाई वगैरे शब्द मला आता जड वाटतात. पत्रकात ते शोभतात, पत्रकाच्या मागे माणूस दमलेला असतो हे कोणी छापत नाही. म्हणून या पत्रकात मी ते छापते.

मास्तरांनो, मॅडमांनो, हे तुमच्यासाठी. मुलांना पॉइंटर शिकवायला त्यांची घरं लागत नाहीत. हंडे घ्या, बाकं घ्या, एसटीच्या सीट घ्या, काहीही घ्या. ज्याचं उत्तर चुकलं त्याला सांगा की चुकलं. कुठे चुकलं ते दाखवा. मार्क कापायचे तर कापा. रूपालीला तेवढंच मिळालं होतं, आणि तेवढ्यावर ती शिकली. मला त्याहून जास्त काही नको होतं. चुकण्याचा तेवढाच हक्क. नुसतं चुकण्याचा. जात, वस्ती, पाडा, आईबाप मध्ये न येता चुकण्याचा.

चाळीसगावलाही प्रॅक्टिकल होणार. बाहेरचे परीक्षक येणार. तेच सर येतील, नाहीतर त्यांच्या हाताखाली शिकलेले कोणी येतील. मी शेजारच्या खुर्चीत असेन. माझ्या विद्यार्थ्याला पत्ता विचारला, की मी मध्ये बोलेन. विद्यार्थी माझ्यावर चिडला तरी बोलेन. तास गेले तरी बोलेन.  

माफीचा कागद पुढे कराल, तर आत्ताच सांगून ठेवते. तो कोराच परत मिळेल.